‘रिॲक्टिव्ह’ या शब्दाचा इतिहास

एचआयव्हीची पहिली चाचणी माणसांसाठी बनवलीच नव्हती. ती बनवली होती रक्ताच्या पिशव्यांसाठी.

२ मार्च १९८५ रोजी अमेरिकेच्या एफडीएनं ॲबट कंपनीच्या एलायझा चाचणीला परवानगी दिली. विषाणू सापडून तेव्हा दोनच वर्षं झाली होती आणि त्याचं ‘एचआयव्ही’ हे नावही अजून पडायचं होतं. हिमोफिलियाचे रुग्ण, ऑपरेशनमध्ये रक्त चढवलेली माणसं, लहान मुलं दान केलेल्या रक्तातून आजारी पडत होती. रक्तपेढ्यांना एकच प्रश्न सोडवायचा होता: ही पिशवी ठेवायची की फेकायची?

या प्रश्नात दोन चुका होऊ शकतात, पण त्यांचं वजन सारखं नाही. चांगली पिशवी फेकली तर नुकसान एका पिशवीचं. वाईट पिशवी ठेवली तर जीव जातो. म्हणून चाचणी मुद्दामच संशयी बनवली गेली. दारावरच्या राखणदाराला सांगावं, ‘जरा जरी शंका आली तरी आत सोडू नकोस,’ तसं. राखणदारानं अडवलेला प्रत्येक माणूस चोर नसतो हे सगळ्यांना माहीत होतं. पिशवीच्या बाबतीत त्यानं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते नंतर. पिशवीला विचारायचा प्रश्न आपण माणसाला विचारायला लागलो आणि राखणदाराचं उत्तर न्यायाधीशाचा निकाल म्हणून वाचायला लागलो.

प्रयोगशाळेच्या कागदावर जो शब्द येतो तो ‘रिॲक्टिव्ह’. म्हणजे इतकंच, की किटमधल्या रसायनाची तुमच्या रक्ताशी काहीतरी प्रतिक्रिया झाली. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द माणसाबद्दल आहे. या दोन शब्दांमध्ये किमान आणखी दोन चाचण्यांचं अंतर आहे, आणि त्या अंतरात गेल्या चाळीस वर्षांत पुष्कळ माणसं अडकली. हा लेख मी गुहागरात बसून लिहितोय. इथून मद्रास लांब आहे, म्हापसा त्या मानानं जवळ, आणि आपली गोष्ट या दोन्ही गावांतून जाते.

सहा नमुने

भारतात एचआयव्ही आहे हे पहिल्यांदा सिद्ध करणाऱ्या संशोधनाचं नेतृत्व ज्या बाईंनी केलं, त्यांचं माहेरचं आडनाव गायतोंडे. सुनीती गायतोंडे. कुटुंब मराठी, चामड्याच्या व्यापारासाठी मद्रासला स्थायिक झालेलं. लग्नानंतर त्या डॉ. सुनीती सॉलोमन झाल्या आणि मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागल्या.

१९८५ च्या शेवटी त्यांनी सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी विषय सुचवला: आपल्याकडे हा विषाणू आहे का, ते शोध. तेव्हाचा सर्वसाधारण समज असा, की एड्स हा पाश्चात्त्यांचा रोग, आपल्या संस्कृतीत तो येणारच नाही. वर्तमानपत्रांत तसं छापूनही येत होतं. निर्मला बत्तीस वर्षांच्या, घरी दोन लहान मुलं. त्यांनी दोनशे रक्तनमुने गोळा केले, त्यातले बरेच वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे. हातमोजे नव्हते. नमुने साठवायला वेगळी सोय नव्हती, तर ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवले.

मद्रासमध्ये एलायझाची सोयही नव्हती. फेब्रुवारी १९८६ मध्ये नमुने घेऊन निर्मला वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. तिथे डॉ. जेकब जॉन यांच्या प्रयोगशाळेत चाचणी झाली. दोनशेपैकी सहा नमुन्यांचा रंग बदलला.

आता या क्षणी त्यांच्या हातात काय होतं ते नीट बघा. देशाच्या इतिहासातली एक मोठी बातमी होती, पण ती होती फक्त ‘रिॲक्टिव्ह’ नमुन्यांच्या रूपात. त्यांनी ती जाहीर केली नाही. आधी मद्रासला परत येऊन त्याच सहा जणींचे नव्यानं नमुने घेतले. नळ्यांची अदलाबदल झाली असेल, लेबल चुकलं असेल, तर तिथेच कळलं असतं. मग ते नमुने अमेरिकेला पाठवले, कारण ‘वेस्टर्न ब्लॉट’ ही वेगळ्या पद्धतीची चाचणी तिथे होती. तिचाही निकाल तोच आला. त्यानंतर दिल्लीला कळवलं गेलं, आणि मे १९८६ मध्ये तमिळनाडूच्या आरोग्यमंत्र्यांनी विधानसभेत ते जाहीर केलं.

नवा नमुना, वेगळी पद्धत, मग घोषणा. आज आपल्याकडच्या सरकारी केंद्रांत जी शिस्त पाळली जाते, तिचं बीज या क्रमात आहे. आणि तो क्रम पाळणाऱ्यांकडे धड फ्रिजही नव्हता.

डॉ. सॉलोमन यांनी पुढे १९९३ मध्ये चेन्नईत संस्था काढली. तिला वडिलांचं नाव दिलं: वाय. आर. गायतोंडे. २०१५ मध्ये त्या गेल्या, २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

म्हापशाची नोंदवही

तीन वर्षांनी गोव्यात नेमकं उलटं घडलं.

डॉमिनिक डिसोझा हा बार्देश तालुक्यातल्या पर्रा गावचा तरुण. वन्यजीव संरक्षणाचं काम करणाऱ्या संस्थेत नोकरी, नाटकाची आवड, आणि नियमित रक्तदान करायची सवय. त्यानं दान केलेल्या रक्ताची चाचणी झाली. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी त्याला पोलिसांचं बोलावणं आलं. तिथून म्हापशाच्या रुग्णालयात नेलं. समोर बसवून कुणी काही समजावलं नाही. नोंदवहीत आपल्या नावापुढे ‘एड्स’ लिहिलेलं त्यानं स्वतः पाहिलं, आणि मग त्याला क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरात असलेल्या एका इमारतीत पहाऱ्यात ठेवलं गेलं. चौसष्ट दिवस.

हे बेकायदा नव्हतं, ही त्यातली भयंकर गोष्ट. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून एचआयव्ही आढळलेल्या माणसाला वेगळं ठेवण्याची तरतूदच केली होती. डॉमिनिकची आई लुसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात गेली. तिच्या बाजूनं मांडलेले मुद्दे असे: हा कायदा चुकीच्या वैज्ञानिक समजावर उभा आहे. अशानं लोक चाचणीपासून पळतील आणि रोग उलट वाढेल. कुणाला कोंडायचं हे ठरवायला काही धरबंध नाही. आणि ज्याला कोंडायचं त्याचं म्हणणं ऐकून घेण्याची सोयही नाही.

अंतरिम आदेशानं डॉमिनिक घरी आला. पण अंतिम निकालात न्यायालयानं कायद्याची तरतूद उचलूनच धरली. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचं हित यांत झगडा झाला तर व्यक्तीनं माघार घ्यायची, असा त्याचा आशय. ‘लुसी डिसोझा विरुद्ध गोवा राज्य’ हा खटला कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात, बहुतेक वेळा कायदा कसा असू नये याचं उदाहरण म्हणून.

डॉमिनिकला नोकरी सोडावी लागली. त्यानं नाट्यक्षेत्रातल्या इझाबेल द सांता रीता वाझ यांच्यासोबत १९९२ मध्ये ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो वारला. ‘माय ब्रदर... निखिल’ हा २००५ चा सिनेमा तुम्ही पाहिला असेल. त्यामागे त्याचं आयुष्य आहे.

डॉमिनिकची चाचणी चुकीची नव्हती. त्याला खरोखर लागण झाली होती. तरीही ही गोष्ट इथे सांगणं मला भाग वाटतं, कारण मद्रासमध्ये सहा नमुन्यांना जी काळजी मिळाली ती म्हापशात एका जिवंत माणसाला मिळाली नाही. खासगीत सांगणं, समजावणं, ‘अजून काही विचारायचंय का?’ असं म्हणणं, यातलं काहीही नाही. रक्तपेढीची चाचणी, नोंदवही, पोलीस. पिशवीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर थेट माणसाच्या दारावर येऊन थडकलं.

ही बातमी गोव्यापुरती राहिली नाही. किनाऱ्यानं वर सरकत ती आमच्यापर्यंत भीती म्हणून पोचली. माझ्या लहानपणी आमच्या भागात या आजाराला नावच नव्हतं. ‘मुंबईचा आजार’ म्हणायचे, तेही आवाज खाली करून. घरटी एक तरी माणूस मुंबईला असलेल्या तालुक्यात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. एखादा चाकरमानी बारीक होऊन गावी आला की शिमग्यात त्याच्या हातची सुपारी घ्यायची की नाही, यावर माजघरात कुजबुज व्हायची. ती कुजबुज करणाऱ्यांपैकी कुणीही त्याचा रिपोर्ट पाहिलेला नसायचा.

दोन कागद

आता अलीकडची गोष्ट. माझ्या ओळखीचा एक मुलगा, वय सव्वीस. नाव आणि वाडी सांगत नाही. मुंबईला नोकरी करतो. एका रात्री जे झालं त्यात कंडोम नव्हता. सहा आठवडे त्यानं काळजीत काढले आणि मग एका खासगी लॅबमध्ये गेला. कार्डासारखी असते ती झटपट चाचणी झाली. संध्याकाळी हातात कागद: ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’. रिॲक्टिव्ह नव्हे, थेट पॉझिटिव्ह. एका कार्डावर. समुपदेशन नाही, ‘पुढची चाचणी करा’ असं एक वाक्यही नाही.

दोन दिवसांनी त्यानं दुसऱ्या लॅबमध्ये एलायझा केली. नॉन-रिॲक्टिव्ह.

तो गावी निघून आला. दोन्ही कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बॅगेच्या तळाशी. घरच्यांनी एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं, ते यानं कारण न सांगता मोडलं. आई बोलायची बंद झाली. तो रात्री मोबाईलवर वाचत बसायचा, आणि जितकं वाचायचा तितका गोंधळ वाढायचा, कारण दोन्ही कागदांच्या बाजूनं बोलणारं काही ना काही सापडतंच. शेवटी एका संध्याकाळी समुद्रावर त्यानं मला विचारलं, ‘दादा, यातला खरा कोणता?’

मी त्याला सांगितलं ते असं: दोन्ही कागद खरे आहेत, पण दोन्ही अपुरे आहेत. आणि उत्तर माझ्याकडे नाही, ते सरकारी केंद्रात आहे.

एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, ज्याला सगळे आयसीटीसी म्हणतात. तिथे चाचणी फुकट होते. त्याला गावाजवळच्या केंद्रात जायचं नव्हतं. आमच्याकडे बातमी एसटीच्या आधी घरी पोचते. म्हणून तो जिल्ह्यातल्याच, पण ओळख नसलेल्या ठिकाणी गेला. त्याचं काय झालं ते पुढे येईल. आधी दोन कागद भांडतात का, ते बघू.

दहा हजारांचा हिशोब

हा हिशोब शाळेतल्या गणिताचा आहे. कागद-पेन्सिल घेऊन करून बघा.

समजा दहा हजार माणसांची चाचणी केली. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. म्हणजे या दहा हजारांत लागण झालेले वीस जण. चाचणी चांगली आहे, ती वीसच्या वीस पकडते. उरले ९,९८० निरोगी. समजा यातल्या ९९.५ टक्के लोकांना चाचणी बरोबर ‘नाही’ म्हणते. आकडा उत्तम वाटतो ना? पण उरलेले अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ पन्नास माणसं. त्यांना लागण नाही, तरी चाचणी रिॲक्टिव्ह.

एकूण रिॲक्टिव्ह सत्तर. त्यातले खरे वीस. म्हणजे सर्वसाधारण लोकांमध्ये एकाच चाचणीवर ‘पॉझिटिव्ह’ शिक्का मारला, तर दर दहातल्या सात जणांवर तो चुकीचा बसेल. चाचणी ९९.५ टक्के चोख असूनसुद्धा!

आता त्या सत्तर जणांची दुसऱ्या, वेगळ्या बनावटीच्या किटनं चाचणी करा. खरे वीस पुन्हा पकडले जातील. खोट्या पन्नासपैकी बहुधा एकही उरणार नाही, फार तर क्वचित एखादा. तिसरं किट लावलं की तोही जवळपास संपतो. किट वेगळ्या बनावटीचं असणं महत्त्वाचं, कारण एकाच बनावटीचं किट तीनदा वापरलं तर तीच चूक तीनदा होऊ शकते. काही ऑटोइम्यून आजार, गरोदरपण, नुकताच झालेला दुसरा संसर्ग किंवा नुकतीच घेतलेली लस यांमुळे रक्तात अशी प्रथिनं तयार होतात, जी एखाद्या विशिष्ट किटला फसवतात. वेगळ्या किटला ती फसवतीलच असं नाही.

हाच हिशोब जिथे दहा टक्के लोकांना लागण आहे अशा गटात करा. खरे एक हजार, खोटे पंचेचाळीस. तिथे तोच ‘रिॲक्टिव्ह’ शब्द शंभरातल्या शहाण्णव वेळा खरा ठरतो. शब्द तोच, कार्ड तेच, अर्थ मात्र बदलला. म्हणून रिपोर्ट वाचताना तो कुणाचा आहे आणि त्याला किती धोका होता, हेही वाचावं लागतं. कागद एकटा बोलत नाही.

काही लॅबच्या एलायझा रिपोर्टवर आकडा असतो, सोबत ‘कट-ऑफ’ लिहिलेला. कट-ऑफच्या किंचित वरचा आकडा खोटा निघण्याची शक्यता जास्त, आणि कट-ऑफच्या कित्येक पट वरचा खरा निघण्याची. पण आकडा हे निदान नाही. त्यावरून स्वतःच निकाल लावत बसू नका.

रक्तदान शिबिरातूनही असाच पेच उभा राहतो. आपल्याकडे गणपतीत, जयंत्यांना शिबिरं होतात. पिशवीची चाचणी आजही त्याच जुन्या तत्त्वावर चालते: शंका आली की पिशवी बाद. रक्तदात्याला मग फोन येतो, ‘केंद्रात येऊन पुढची तपासणी करून घ्या.’ तो फोन म्हणजे निकाल नव्हे. म्हापशाच्या नोंदवहीपासून त्या फोनपर्यंत यायला आपल्याला बरीच वर्षं लागली. म्हणून तो आला तर घाबरून सिम बदलू नका, जा.

‘नाही’ कधी खरं?

आतापर्यंत खोट्या ‘हो’बद्दल बोललो. खोटं ‘नाही’सुद्धा असतं, आणि ते जास्त घातक, कारण ते ऐकून माणूस निवांत होतो.

विषाणू शरीरात शिरला की लगेच चाचणीत दिसत नाही. आधी तो स्वतः वाढतो, मग त्याचा पी-२४ नावाचा भाग रक्तात दिसतो, आणि त्यानंतर शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. या मधल्या काळाला ‘विंडो पीरियड’ म्हणतात. अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचण्यांना साधारण तीन आठवडे ते तीन महिने लागू शकतात. पी-२४ आणि अँटिबॉडी दोन्ही शोधणारी चौथ्या पिढीची प्रयोगशाळेतली चाचणी १८ ते ४५ दिवसांत सांगू शकते. थेट विषाणूची जनुकं शोधणारी चाचणी १० ते ३३ दिवसांत. म्हणून दहाव्या दिवशीचा ‘निगेटिव्ह’ आणि चाळिसाव्या दिवशीचा ‘पॉझिटिव्ह’ हे भांडण नाहीच. ते एकाच गोष्टीचे दोन वेळचे फोटो आहेत.

याच ठिकाणी इतिहासात एक उलटापालट झाली. वेल्लोरच्या नमुन्यांवर शिक्कामोर्तब करणारी वेस्टर्न ब्लॉट पुढे तीस वर्षं ‘अंतिम चाचणी’ मानली गेली. तीत पट्टीवर रेषा उमटतात. पुरेशा रेषा आल्या तर पॉझिटिव्ह, एकही नाही तर निगेटिव्ह. पण मधलेच काही उमटले तर निकाल ‘अनिश्चित’. लागण नसलेल्या काही माणसांच्या पट्टीवर एखादी पुसट रेषा वर्षानुवर्षं दिसत राहायची आणि ती माणसं अधांतरी जगायची. दुसरीकडे एलायझा सुधारत गेली आणि लागण लवकर पकडायला लागली, इतकी की नव्या लागणीत एलायझा ‘हो’ म्हणायची आणि वेस्टर्न ब्लॉट ‘नाही’. अशा वेळी बरोबर असायची ती एलायझा! शेवटी अमेरिकेत २०१४ मध्ये वेस्टर्न ब्लॉटला नेहमीच्या क्रमातून काढलं गेलं आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही ती थांबवायला सांगितलं.

आपल्या किनाऱ्यापुरती आणखी एक गुंतागुंत होती. या विषाणूचे दोन प्रकार आहेत. जगभर पसरला तो एचआयव्ही-१. एचआयव्ही-२ मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. तो मुंबईतल्या रुग्णांमध्ये आढळल्याचं १९९१ च्या सुमारास प्रसिद्ध झालं. फक्त पहिला प्रकार ओळखणारी चाचणी दुसऱ्याला हुकवू शकते. म्हणून आपल्याकडची किट्स दोन्ही प्रकार शोधणारी असतात. रिपोर्टवर ‘एचआयव्ही १ आणि २’ लिहिलेलं दिसतं ते त्यामुळे.

औषधांनीही चित्र बदलतं. धोका घडल्यावर ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं, पीईपी नावाची औषधं सुरू करून २८ दिवस घेतली तर लागण टळू शकते. ही औषधं घेतलेल्यांत अँटिबॉडी उशिरा दिसण्याची शक्यता असते, म्हणून त्यांच्या चाचण्या डॉक्टरांनी दिलेल्या तारखांनाच आणि शेवटपर्यंत कराव्या लागतात.

तीन किट आणि एक बंद दार

त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगतो.

केंद्रात आधी समुपदेशक बोलली. काय झालं, कधी झालं, एवढंच विचारलं, का केलंस ते नाही. मग संमतीची सही आणि रक्त. पहिलं किट रिॲक्टिव्ह आलं. दुसरं नाही. तिसरंही नाही. सरकारी पद्धतीप्रमाणे तिन्ही किट ‘हो’ म्हणाली तरच पॉझिटिव्ह. पहिलं ‘हो’ आणि पुढची दोन्ही ‘नाही’, तर निगेटिव्ह. एक जरी पुढचं ‘हो’ आलं असतं तर निकाल अनिश्चित धरून दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बोलावलं असतं.

त्याला निगेटिव्ह कळवलं, पण तीन महिने पुरे व्हायचे होते म्हणून पुढची तारीखही दिली. त्या तारखेला तो गेला. तेव्हाही निगेटिव्ह. त्याचं मोडलेलं स्थळ परत आलं नाही. आई बोलायला लागली, पण का मोडलं ते तिला अजून माहीत नाही. एका कार्डावर घाईनं लिहिलेल्या शब्दाची ही किंमत, आणि हा तर सुटलेल्या माणसाचा हिशोब आहे.

त्या केंद्राचं दार चाचणीच्या वेळी बंद होतं. ते बंद दार सहजासहजी मिळालेलं नाही. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका हंगामी कामगाराचा खटला चालला. काम करायला तो तंदुरुस्त होता, पण चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून त्याला कामावरून काढलं होतं. न्यायालयानं त्याचं नाव झाकून खटला चालवू दिला, कागदोपत्री तो फक्त ‘एमएक्स’, आणि निकाल त्याच्या बाजूनं दिला. डॉमिनिकचा खटला ज्या उच्च न्यायालयात हरला, त्याच न्यायालयानं आठ वर्षांत इतकी वाट चालली. पुढे एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधं सुरू झाली, सुरुवातीच्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. होतं. २०१७ मध्ये एचआयव्ही-एड्सचा स्वतंत्र कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, तुमचा निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही, आणि त्यावरून नोकरी, शाळा, भाड्याचं घर नाकारता येत नाही, हे आता कायद्यात लिहिलेलं आहे.

औषधांमुळे खऱ्या ‘पॉझिटिव्ह’चा अर्थही बदलला. वेळेवर सुरू केलेली औषधं नियमित घेणारा माणूस आज जवळपास इतरांइतकं जगतो. रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला देत नाही. म्हणजे डॉमिनिकच्या वेळी ज्या निकालापासून लोक पळत होते, तो लवकर कळणं आज फायद्याचंच आहे. पळण्याचं कारण उरलंय ते माजघरातल्या कुजबुजीत, आणि ती औषधानं जात नाही.

तुमच्याही हातात कधी भांडणारे दोन कागद आले, तर त्यांच्या मागच्या बाजूला तीन गोष्टी लिहा. धोका घडला ती तारीख. प्रत्येक चाचणीची तारीख. आणि चाचणीचा प्रकार: कार्ड, एलायझा की चौथ्या पिढीची. मग ते कागद घेऊन आयसीटीसीत जा. कुठलं जवळ आहे ते माहीत नसेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा. धोका घडून ७२ तास झाले नसतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी सरकारी रुग्णालय गाठा. पहिला कागद वाचून लग्न मोडू नका, नोकरी सोडू नका. वेल्लोरहून परतलेल्या निर्मलांनीही सहा नमुन्यांचा रंग बदललेला पाहिल्यावर आधी नवीन सुया आणि नव्या नळ्याच हातात घेतल्या होत्या.